मेसेज ‘गेला’ म्हणजे नक्की कुठे गेला? गोष्ट बफर्ड सेंडची

घाटात रेंज नसताना तुम्ही कधीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला असेलच. ‘निघालोय, तासाभरात पोचतो’ असं टाइप केलं, सेंड दाबलं आणि फोन खिशात टाकला. तुमच्या दृष्टीने काम झालं. पण मेसेजच्या कोपऱ्यात अजून छोटंसं घड्याळ दिसतंय, म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून बाहेरच पडलेला नाही. एक टिक आली की तो सर्व्हरपर्यंत गेला, दोन टिक आल्या की समोरच्याच्या फोनपर्यंत गेला, आणि निळ्या झाल्या की त्याने तो उघडला.

म्हणजे ‘पाठवला’ या एका शब्दाचे निदान चार अर्थ झाले. व्हॉट्सॲप ते चारही आपल्याला चित्राने दाखवतं. प्रोग्रामिंगमध्ये असं कुणी दाखवत नाही. तिथे सेंड नावाचं फंक्शन रिटर्न होतं आणि आपण मनाशी धरून चालतो की पोचला. मी तसंच धरून चालले होते, आणि त्यामुळे फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या व्हायव्हात माझी चांगलीच फजिती झाली.

प्रोजेक्ट, व्हायव्हा आणि शंभर टक्के सीपीयू

आमचा प्रोजेक्ट दिसायला साधा होता. एक धातूचा चौकोनी पत्रा आहे, त्याची एक कड तापवली, तर उष्णता पत्र्यावर कशी पसरेल? कॉम्प्युटरवर हे करताना पत्र्याचे बारीक चौकोन पाडतात, आणि दर फेरीला प्रत्येक चौकोनाचं तापमान त्याच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीवरून काढतात. अशा हजारो फेऱ्या. हे काम वाटून घेता येतं, म्हणून आम्ही पत्र्याच्या चार आडव्या पट्ट्या केल्या आणि चार प्रोसेसना एकेक पट्टी दिली.

आता प्रोसेस म्हणजे काय, तर चालू असलेला प्रोग्राम. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते, एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. पण पट्टीच्या कडेवरच्या चौकोनांचे शेजारी तर दुसऱ्या प्रोसेसकडे आहेत. मग दर फेरीला आपली कडेची ओळ शेजारणीला पाठवायची आणि तिची आपण घ्यायची. यासाठी एमपीआय वापरतात, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस. ही वेगळी भाषा नाही. प्रोसेसनी एकमेकींशी कसं बोलायचं याची ठरलेली फंक्शन्स आहेत, सी किंवा फोरट्रानमधून वापरायची. पहिलं स्टँडर्ड १९९४ मध्ये आलं, आणि आजही मोठमोठ्या सुपरकॉम्प्युटरवर हवामानापासून औषधांपर्यंतची गणितं यावरच चालतात.

आमचा कोड असा होता: प्रत्येक प्रोसेस आधी वर पाठवेल, मग खाली पाठवेल, मग दोन्हीकडून घेईल. पाचशे बाय पाचशेचं ग्रिड मस्त चालायचं. एका प्रोसेसपेक्षा चार प्रोसेसवर वेळ किती कमी लागतो याचा रंगीत ग्राफही काढला होता.

व्हायव्हाला आलेले एक्स्टर्नल सर म्हणाले, “जरा मोठं चालवून दाखवा. हजार बाय हजार.”

मी आकडा बदलला, एंटर मारला. काहीच नाही. दर शंभर फेऱ्यांनी एक ओळ छापली जायला हवी होती, तीही नाही. दुसऱ्या खिडकीत पाहिलं तर चारही प्रोसेस शंभर टक्के सीपीयू खातायत. मी आत्मविश्वासाने सांगितलं, “सर, कॅल्क्युलेशन चालू आहे. ग्रिड चौपट झालंय ना.” सरांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग शांतपणे विचारलं, “पहिली फेरी तरी झाली का?”

झाली नव्हती. शंभर टक्के सीपीयू हे काम नव्हतंच. एमपीआयच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये वाट पाहणारी प्रोसेस झोपत नाही, ‘आलं का, आलं का’ असं अखंड तपासत बसते. आमच्या चारही प्रोसेस तेच करत होत्या. सर म्हणाले, “परवा या. आणि येताना मला एकच सांगा, सेंड रिटर्न झाला म्हणजे नक्की काय झालं?”

चार हजार बाइट चालतात, आठ हजार अडतात

या प्रश्नाचं उत्तर इतकं छोटं आहे की ते आपल्याला आधी कुणी सांगितलं नाही याचा राग येतो. एमपीआयचा साधा सेंड रिटर्न झाला, याचा अर्थ एवढाच की तुम्ही ज्या व्हेरिएबलमधून डेटा पाठवला तो आता पुन्हा वापरायला मोकळा आहे. बस्स. समोरच्याने घेतला की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

डेटा कुठे गेला, हे एमपीआय परिस्थिती बघून ठरवतं. मेसेज छोटा असेल तर तो लगेच पुढे ढकलला जातो. घेणारी प्रोसेस तयार नसेल तर तिच्या बाजूच्या राखीव मेमरीत पडून राहतो, आणि आपला सेंड मोकळा होतो. मेसेज मोठा असेल तर मात्र आधी विचारणा होते, ‘घेतेस का?’ आणि समोरून ‘हो, आण’ येईपर्यंत सेंड तिथेच उभा.

छोटा आणि मोठा यांच्यातली रेघ कुठे, हे स्टँडर्डमध्ये लिहिलेलं नाही. ते तुमची एमपीआयची आवृत्ती आणि नेटवर्क यावर ठरतं. आमच्या लॅबच्या मशीनवर चारही प्रोसेस एकाच डब्यात होत्या आणि ती रेघ ४०९६ बाइटवर होती. आता हिशोब करा. एक दशांश संख्या ८ बाइटची. पाचशेची ओळ म्हणजे ४००० बाइट, रेघेच्या जेमतेम आत. हजारची ओळ म्हणजे ८००० बाइट, रेघेबाहेर. म्हणून हजारला चारही प्रोसेस आपापला पहिला सेंड हातात धरून शेजारीण घेईल याची वाट बघत उभ्या राहिल्या. आणि शेजारीण घेणार कशी? ती स्वतःच पाठवण्यात अडकलेली! लखनौच्या दोन नवाबांचा ‘पहले आप’चा किस्सा ऐकलाय ना, त्यात गाडी निघून जाते. इथे दोघेही ‘आधी माझं घे’ म्हणत राहतात. याला डेडलॉक म्हणतात.

मला बोचलं ते हे की प्रोग्राम हजारला बिघडला नव्हता. तो पाचशेलाही चुकीचाच होता. आमच्या सोयीची एक अदृश्य जागा कुणीतरी दिली होती आणि तिच्या जिवावर आम्ही ग्राफ काढले.

पुण्यात १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवला, त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. त्या ट्रान्सप्युटरांना जोडणाऱ्या तारांचा नियम कडक होता: घेणारा तयार असेल तरच देवाणघेवाण, नाहीतर देणारा थांबणार. मधे बफर नाहीच. बफर हवा असेल तर प्रोग्रामर स्वतः एक छोटी प्रोसेस लिहायचे, जिचं काम फक्त एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला देणं. ऐकायला त्रासदायक वाटतं, पण आमचा कोड त्यावर पाचशेलाच काय, पाचलाही अडकला असता आणि आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

डबा दाराबाहेर ठेवा

परत हॉस्टेलवर. माझ्या प्रोजेक्ट पार्टनरने रात्री शोधून काढलं, “अगं, बीसेंड म्हणून एक आहे. ‘बी’ म्हणजे बफर्ड. सेंडच्या जागी बीसेंड टाकू, झालं!”

सेंडचे खरं तर चार प्रकार आहेत. साधा सेंड आपण पाहिला. दुसरा एससेंड, म्हणजे सिंक्रोनस: समोरच्याने घ्यायला सुरुवात करेपर्यंत हा परतच येत नाही. बेल वाजवून, दार उघडून, हातात डबा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस. तिसरा बीसेंड. हा डबा आपल्याच दाराबाहेर ठेवतो, न्यायला येईल तेव्हा नेईल, आणि आपण आत आपल्या कामाला लागतो. चौथा रेडी सेंड, तो मी आजवर कुणाला वापरताना पाहिलेला नाही, तेव्हा सोडून देऊ.

बीसेंडमध्ये डबा *आपल्या* दाराबाहेर असतो, आणि तिथली फळीही आपणच ठोकायची असते. म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीला आपल्या मेमरीचा एक तुकडा ‘बफर अटॅच’ या फंक्शनने एमपीआयच्या हवाली करायचा. नंतर प्रत्येक बीसेंड आपला डेटा त्या तुकड्यात कॉपी करतो आणि ताबडतोब परत येतो, मग समोरची प्रोसेस घेवो न घेवो. साध्या सेंडमध्ये ‘जागा मिळाली तर मिळाली’ असतं. इथे जागेची हमी आहे, कारण ती तुम्ही दिलीय. आणि कमी पडली तर तो दोषही तुमचाच. जागा संपल्यावर बीसेंड थांबून वाट बघत नाही, सरळ एरर देतो.

ती एरर आम्हाला रात्री दीड वाजता मिळाली.

आम्ही हिशोब केला होता: दोन शेजारणी, प्रत्येकीला ८००० बाइट, म्हणून १६००० बाइटचा बफर. पहिल्याच फेरीला एरर. कारण प्रत्येक मेसेजसोबत एमपीआय स्वतःची थोडी नोंद ठेवतं, कुणाला पाठवायचा, किती मोठा वगैरे. त्यासाठी ‘बीसेंड ओव्हरहेड’ नावाचा एक ठरलेला आकडा प्रत्येक मेसेजमागे जास्तीचा धरावा लागतो. डब्याची जागा मोजली, पण त्याची पिशवी विसरलो. तो आकडा दोनदा मिळवला आणि प्रोग्राम धावला! हजार बाय हजार, चारही पट्ट्या, आकडे बरोबर. आम्ही चहाला गेलो.

परत येऊन पुन्हा चालवला, तर १३००व्या फेरीच्या आसपास बफर एरर. पुन्हा चालवला, पूर्ण झाला. पुन्हा चालवला, ४००च्या आत गेला. तोच कोड, तोच डेटा. पॅरलल प्रोग्रामिंगमधला सगळ्यात वाईट प्रकार हा. नेहमी बिघडणारी गोष्ट दुरुस्त करता येते, कधीकधी बिघडणारीने झोप उडते.

कागदावर बाण काढत बसल्यावर पहाटे कधीतरी समजलं. समजा प्रोसेस अ आणि ब शेजारी आहेत. अ ने पहिल्या फेरीची ओळ फळीवर ठेवली. ब नेही आपली ठेवली. अ चपळ, तिने ब ची ओळ उचलली, गणित केलं आणि दुसऱ्या फेरीची ओळही फळीवर ठेवायला आली. पण ब अजून दुसऱ्याच कामात आहे, तिने अ ची *पहिली* ओळ उचललेलीच नाही. म्हणजे एका शेजारणीसाठी दोन डबे एकाच वेळी फळीवर. तिसरा मात्र येऊ शकत नाही, कारण तिसऱ्या फेरीला पोचायला अ ला ब ची दुसरी ओळ हवी, आणि ब ती पाठवते तोपर्यंत तिने अ ची पहिली उचललेली असते. तर शेजारणी दोन, प्रत्येकीचे जास्तीत जास्त दोन डबे, एकूण चार. बफर हवा चार मेसेजचा: ३२००० बाइट अधिक चार वेळा ओव्हरहेड. कुठली प्रोसेस किती चपळ हे त्या क्षणी मशीनवर आणखी काय चाललंय यावर ठरतं, म्हणून एरर कधी येई, कधी नाही.

एवढं केल्यावर प्रोग्राम दहा वेळा चालवला, दहाही वेळा नीट.

फळी किती मोठी हवी, याचं उत्तर मेसेजच्या साइजमध्ये सापडत नाही. कोण कुणाच्या किती पुढे धावू शकतं, हे शोधावं लागतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये उत्तर ‘एक फेरी’ असं निघालं, कारण परत येणारा मेसेज दोघींना बांधून ठेवत होता. पण एक प्रोसेस फक्त पाठवते आणि दुसरी फक्त घेते, असा प्रोग्राम असेल तर? पाठवणारी जरा जरी वेगवान असली तरी फळी कितीही मोठी करा, आज ना उद्या भरणारच. बफर मधला चढउतार सांभाळतो. कायमचा वेगातला फरक तो सांभाळू शकत नाही.

अजून एक खड्डा सांगून ठेवते. काम संपल्यावर तो मेमरीचा तुकडा ‘बफर डिटॅच’ने परत घ्यायचा असतो, आणि फळीवरचे सगळे मेसेज रवाना होईपर्यंत डिटॅच थांबतो. तेव्हा डिटॅच न करताच ती मेमरी मोकळी केली, तर अजून न गेलेल्या मेसेजच्या जागी कचरा जाऊ शकतो. आणि दोन्ही प्रोसेसनी बीसेंड केलं, लगेच डिटॅच केलं आणि घेणं त्यानंतर ठेवलं, तर डेडलॉक मागच्या दाराने परत हजर. शिवाय अनेक वर्षं एका प्रोसेसला एका वेळी असा एकच बफर जोडता यायचा. तुम्ही वापरत असलेली लायब्ररी आतून तोच वापरत असेल तर भांडण. २०२३ च्या एमपीआय ४.१ मध्ये ही अट सैल झाली आणि बफरची व्यवस्था एमपीआयवरच सोपवायची सोयही आली.

हीच फळी तुमच्या फोनमध्ये

हे सगळं सुपरकॉम्प्युटरवाल्यांचं झालं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर हातातला फोन बघा. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप साधारणपणे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. कॅमेरा उघडणं, नोटिफिकेशन दाखवणं, लोकेशन मागणं, यासाठी तुमचं ॲप सिस्टिमच्या दुसऱ्या प्रोसेसना मेसेज पाठवतं आणि ते बाइंडर नावाच्या यंत्रणेतून जातात. बाइंडरचा बफर प्रत्येक प्रोसेसमागे साधारण १ एमबीचा असतो, तोही त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणीत मिळून. इथे फळी पाठवणाऱ्याच्या दाराशी नसून घेणाऱ्याच्या घरात असते. आणि ‘उत्तर नको, पाठवून मोकळा होतो’ अशा मेसेजना त्यातली अर्धीच जागा वापरू देतात, म्हणजे त्यांच्या गर्दीत उत्तराची वाट पाहणाऱ्यांची अडचण होऊ नये. ही वाटणी ज्याने केली त्याला माझा सलाम.

नवखे ॲप डेव्हलपर इथे हमखास आपटतात. एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनला फोटो द्यायचा, तर अख्खा फोटोच मेसेजमध्ये कोंबतात. छोट्या फोटोवर टेस्ट केलं, चाललं. वापरणाऱ्याने भारी कॅमेऱ्याचा फोटो निवडला, ॲप बंद पडलं. आमचं पाचशे आणि हजारचंच दुखणं. फोटो स्टोरेजमध्ये ठेवून फक्त त्याचा पत्ता पाठवणं हा तिथला रिवाज आहे.

आम्ही शेवटी काय केलं

बीसेंडवाला प्रोग्राम चालत होता, तरी व्हायव्हाच्या आदल्या रात्री आम्ही तो काढून टाकला. एक कारण, कॉपी. प्रत्येक ओळ आधी फळीवर कॉपी होणार, मग तिथून जाणार. आठ हजार बाइटला ते जाणवत नाही, पण लाखो संख्यांच्या ओळी असत्या तर मेमरीही जादा आणि वेळही. दुसरं कारण मला जास्त पटलं. आमच्या प्रॉब्लेममध्ये कोण, कधी, कुणाला, किती पाठवणार हे सगळं आधीच माहीत होतं. मग फळी ठेवायचीच कशाला? बीसेंड मला तिथे योग्य वाटतो जिथे समोरची प्रोसेस कधी ऐकायला बसेल याचा नेम नसतो, मेसेज छोटे असतात आणि एका वेळी किती असू शकतील याची वरची मर्यादा ठाऊक असते.

आम्ही ‘सेंडरिसीव्ह’ वापरला. हा देणं आणि घेणं एकाच कॉलमध्ये करतो, त्यामुळे ‘आधी कोण’ हा वादच उरत नाही. आधी सगळ्यांनी वर द्यायचं आणि खालून घ्यायचं, मग खाली द्यायचं आणि वरून घ्यायचं. टोकाच्या पट्ट्यांना एका बाजूला शेजारीण नाही, तिथे ‘प्रॉक नल’ नावाची खोटी शेजारीण देता येते. तिला पाठवलेलं लगेच गेलं असं धरतात. चाळीस ओळींचा कोड बारा ओळींत आला.

व्हायव्हात सरांनी हजार बाय हजार बघितलंही नाही. आमचा जुना कोड मागितला, त्यातले सगळे सेंड खोडून तिथे एससेंड लिहायला सांगितले आणि ग्रिड दहा बाय दहा करायला लावलं. दहाची ओळ म्हणजे ८० बाइट. मी एंटर मारला आणि प्रोग्राम पहिल्याच फेरीत अडकला. “लपायला जागाच ठेवली नाही की असं लगेच कळतं,” सर म्हणाले आणि मार्कांच्या कागदावर काहीतरी लिहायला लागले.

नोकरीत मी आता एमपीआय वापरत नाही; आमच्याकडे सर्व्हर एकमेकांना रांगेतून मेसेज पाठवतात. पण कुणी नवीन रांग जोडायला निघालं की मी अजूनही तेच दोन प्रश्न विचारते: रांग भरली तर पाठवणारा थांबणार, की एरर घेणार, की मेसेज टाकून देणार? आणि टेस्टिंगमध्ये रांगेची लांबी एक ठेवून चालवून बघितलंस का? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण आधी हसतात, मग जागेवर जाऊन चालवून बघतात.